पाकटाच्या दातात दडलेलं सह्याद्रीचं वय

काशीच्या भोसले घाटावर पहाटे उतरताना तळव्यांना थंडगार लागतो तो चुनारचा वालुकाश्म. घाट नागपूरकर भोसल्यांचा, दगड मात्र विंध्याचा, एक अब्ज वर्षांहून जुना. पाकट आणि शार्क एकाच कुळातले; या कुळातल्या माशांचे दात साधारण 40 कोटी वर्षांपासूनच्या खडकांत सापडतात, त्यामुळे या पायऱ्यांत ते शोधण्यात अर्थ नाही. पैलतीरावरची रेती तर कालपरवाची. तरीही एका दाताची गोष्ट मला इथूनच सांगावीशी वाटते, कारण त्या गोष्टीतला पहिला माणूस याच शहरात शिकवत होता.

केंब्रिजहून परतलेले बिरबल सहानी 1919 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. वर्षभरातच ते इथून गेले आणि पुढे लखनौला स्थिरावले. तिथे त्यांनी हाती घेतलेला एक प्रश्न सह्याद्रीच्या वयाचा होता. आपला सह्याद्री दख्खनच्या ज्या लाव्हाचा झाला, तो थरांवर थर असा साचत गेला. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात जागोजागी तळी साचली आणि त्यांच्या गाळात झाडंझुडपं, शंखशिंपले, मासे गाडले गेले. नागपूरजवळच्या टाकळीचे असे जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच गोळा केले होते. सहानींनी 1930 च्या दशकात या गाळातल्या दगड झालेल्या वनस्पतींचा अभ्यास केला. त्यातले ताड आणि पाणताडाच्या जातीची फळं पाहून त्यांनी लाव्हाचा काळ इओसीन ठरवला, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचा. मत अभ्यासपूर्ण होतं आणि ते बरीच वर्षं टिकलं.

ते हलवण्यात एका दाताचा मोठा वाटा आहे. दात पाकटाच्या कुळातल्या माशाचा.

मुशी, म्हणजे शार्क, आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा असतो. मासा मेला की तो कुजून जातो. दात मात्र आयुष्यभर झडत आणि नव्याने येत राहतात, त्यामुळे एकाच माशाचे शेकडो-हजारो दात गाळात पडतात. ओळख सुरू होते ती दोन भागांपासून. वरचा मुकुट गुळगुळीत, चकचकीत, काचेसारख्या कठीण आवरणाचा. खालचं मूळ खरबरीत आणि सच्छिद्र. झिजून मुकुट गेला तरी मुळावरची खोबण कुळ सांगून जाते, म्हणून जाणकार दात हातात आला की आधी तो उलटा करतात. पकडणाऱ्याचा दात सुईसारखा, कापणाऱ्याचा त्रिकोणी आणि करवतीच्या कडांचा, शिंपले फोडणाऱ्याचा चपटा. फसगतही इथेच होते. गंगेतल्या शार्कचे वरचे दात रुंद, दातेरी त्रिकोण असतात आणि खालचे अरुंद, भाल्याच्या टोकासारखे. दोन्ही सुटे मिळाले तर नवख्याला ते दोन वेगळे प्राणी वाटतात.

फ्रेंच अभ्यासक आंरी कापेता यांनी 1972 मध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या दातांवरून पाकटांच्या एका लुप्त प्रजातीला इग्डाबॅटिस हे नाव दिलं. जबड्यात फरशी बसवावी तसे एकमेकांना चिकटलेले जाड दात, आणि मूळ पाहावं तर फणीसारखं, ओळीने अनेक खाचांचं. प्रजाती क्रिटेशसच्या, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाच्या, अगदी अखेरच्या टप्प्यातली. तेच दात दख्खनच्या लाव्हाशी निगडित गाळात निघाले. या संशोधनात चंदीगडचे अशोक सहानी पुढे होते. ते बिरबल सहानींचे सख्खे पुतणे. काकांनी फळांवरून काढलेलं वय पुतण्याच्या पिढीने दातांवरून दुरुस्त केलं. विज्ञानातली ही घरगुती साखळी मला फार लोभस वाटते. व्हिन्सेंट कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये हे उद्रेक क्रिटेशसच्या अखेरच्या सीमेवर आणून ठेवले. खडकातल्या चुंबकीय नोंदींबरोबर जीवाश्मांचा पुरावा त्यांनी मांडला, आणि लेखकांमध्ये कापेताही होते. पुढे 1993 मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि कापेता यांनी आसिफाबाद व मारेपल्ली इथल्या दातांवरून इग्डाबॅटिस इंडिकस ही जात नोंदवली. लाव्हाचा काळ आज सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा मानतात, डायनोसॉर संपले तेव्हाचाच.

हे दात शोधण्याचं काम कष्टाचं. पोत्यांनी माती आणायची, पाण्यात भिजत घालायची, बारीक चाळण्यांतून धुवायची आणि चाळणीत उरलेला गाळ वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने निवडायचा. तांदूळ निवडणाऱ्या आजीची नजर इथे लागते. नागपुरात गिट्टीखदानच्या गाळातून असेच माशांचे आणि बेडकांचे इवले अवशेष निघाले.

एक पेच मात्र दाताने मागे ठेवला. आसिफाबाद आपल्या चंद्रपूरला लागून, आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. गाळ गोड्या पाण्याचा, सोबतीला बेडूक, मग मुख्यतः समुद्रात राहणारं पाकट तिथे आलं कसं? गोदावरीच्या किंवा नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राची जीभ आत शिरली असावी, असं काही अभ्यासक मानतात. दुसरी शक्यता नदीतून वर चढण्याची. गंगेच्या माशांवर 1822 मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्यात एका पाकटाचीही नोंद केली आणि त्याच्या नावात नदीचा शब्द घातला: फ्लुवियाटिलिस. भोसले घाटाच्या शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलं की मला ही दुसरी शक्यता अधिक जवळची वाटते.