ड्रायरच्या जाळीवरचा भुगा : कचरा, धोका आणि हिशेब

नांदेड हे कापसाचे गाव. येथील संशोधन केंद्राचे 'नांदेड ४४' हे संकरित वाण १९८४ साली आले आणि दूरवर पेरले गेले. निजामकाळातील उस्मानशाही मिल बंद पडली, तरी कापडावर पोट असणारे शिंपी, पिंजारी, रंगारी आणि धोबी येथे आजही आहेत. त्यात आता लाँड्रीवाल्यांची भर पडली आहे. दवाखाने, लॉज, आणि लातुरात शिकवणीसाठी येणाऱ्या मुलांची वसतिगृहे हे त्यांचे गिऱ्हाईक. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, म्हणून दहा बाय बाराच्या गाळ्यातही ड्रायर बसतो.

या ड्रायरच्या जाळीवर कापसासारखा भुगा जमतो. त्याला लिंट म्हणतात. जिनिंगवाले रुईलाही लिंट म्हणतात, पण रुईला भाव येतो, या भुग्याला येत नाही. हा भुगा बाहेरून आलेली धूळ नव्हे. ते गिऱ्हाइकाच्या कपड्याचेच झिजलेले तंतू आहेत. म्हणून त्याचे काय करावे, यापेक्षा तो कमी कसा पडेल, हा पहिला प्रश्न.

आम्ही कापडवाले जाणतो की सुती कापडात साधारण ८ टक्के ओलावा मुरलेला असतो. तोही उष्णतेने काढला की तंतू ठिसूळ होऊन तुटतात. तेव्हा चादर किंचित दमट असतानाच बाहेर काढावी, बाकीचे काम इस्त्री करते. नवे टॉवेल पहिल्या काही धुलाईत जास्त भुगा सोडतात, ते वेगळे फिरवावेत. जीन्ससारखे जाड, झिपचे कपडे नाजूक कपड्यांत मिसळू नयेत. भुगा कमी म्हणजे वीज कमी आणि कापडाचे आयुष्य जास्त.

दुसरी बाब आगीची. कापूस आणि विस्तव शेजारी ठेवू नये, हे पिंजाऱ्याच्या पोरालाही शिकवावे लागत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार २००८ ते २०१० या काळात तेथे घरगुती ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागल्या, आणि सर्वांत मोठे कारण होते साफसफाई न करणे. आपल्याकडे तर त्याच गाळ्यात कोळशाची इस्त्री असते आणि माळ्यावर कारागीर झोपतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर जाळी साफ करावी. गरम हवेचा पाइप पत्र्याचा असावा, प्लास्टिकचा नको, आणि तोही वेळोवेळी आतून झाडावा. भुगा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, इस्त्रीपासून दूर ठेवावा. साफ करताना नाकातोंडाला फडके बांधावे. हॉटेलची तेलकट फडकी ड्रायरमधून काढून गरमगरम गठ्ठ्यात बांधू नयेत, ती आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात.

आता उपयोगाचे. हा भुगा गादी-उशीत भरण्याचा मोह होतो, तो टाळावा. तंतू आखूड असल्याने पिंजूनही तो फुलत नाही, गोळे होतात, आणि पेटही चटकन घेतो. रुई म्हणून तो विकणे ही तर सरळ फसवणूक. निव्वळ सुती कपड्यांचा भुगा ओल्या कचऱ्यात थोडा थोडा मिसळल्यास कुजून खत होते. पॉलिस्टरचा कुजत नाही, मातीत तसाच राहतो, म्हणून दोन डबे ठेवावेत. दवाखान्याच्या कपड्यांचा भुगा कशालाही वापरू नये.

ड्रायरपूर्वी धुण्याच्या पाण्यातही असेच तंतू जातात आणि नाली तुंबते. नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधली तर खंगाळलेले पाणी पुढच्या पहिल्या धुण्याला घेता येते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकरांना त्याची किंमत सांगायला नको.

जाळी साफ करायला दोन मिनिटे लागतात. महिनाभर हा भुगा तोलून वहीत मांडावा. वजन वाढले तर समजावे की कुठेतरी गिऱ्हाइकाचे कापड झिजते आहे, आणि आज ना उद्या गिऱ्हाईकही जाईल.