खिशातला चाकू आणि आपली बोटे



मी कॉलेजात मराठी शिकवतो. फळ्यावर लिहिताना खडू अंगठा आणि मधले बोट यांच्यात धरतो. दर वर्षी नव्या वर्गातला एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, खडू असा का धरता?" त्या प्रश्नाचे उत्तर हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचे शेवटचे पेर वाकत नाही. मी अकरा वर्षांचा होतो. बेचकीसाठी चामड्याच्या तुकड्याला भोक पाडायचे होते, आणि वडिलांचा कलमे बांधायचा चाकू हाताशी सापडला. घडीचा चाकू. टोक चामड्यावर टेकवून मी जोर दिला. चामडे होते तसेच राहिले आणि पाते उलट फिरून माझ्या बोटावर मिटले. घरच्यांनी हळद दाबली, फडके बांधले. रक्त थांबले, तसे सगळ्यांना हायसे वाटले. बोट वाकत नाही हे चौथ्या दिवशी ध्यानात आले, आणि डॉक्टरांकडे जायला आणखी आठवडा गेला. बोट वाकवणारी आतली दोरी, जिला वैद्यकात कंडरा म्हणतात, ती तुटून मागे सरकली होती. मग काय, खडू धरायला मधले बोट!

घडीचा चाकू ही आपल्याकडे रोजच्या उपयोगाची चीज आहे. कोकणात आंब्याची कोयकलमे बांधणारा, नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या खुंटावर कलम करणारा, गुलाबाचे डोळे भरणारा माळी, सगळ्यांच्या खिशात तो असतो. खताच्या गोणीची शिवण उसवायला, सुतळी तोडायला, जेवताना कांदा चिरायला तोच. सकाळी सदऱ्याच्या खिशात पडला की रात्रीच बाहेर निघतो. म्हणजे दिवसभर एक धारदार पाते आपल्या अंगाला चिकटून हिंडत असते, आणि त्याला आवरून धरणारी वस्तू कोणती, तर एक लहानशी पोलादी पट्टी. ती पट्टी नीट समजून घेतली की बाकीचे पुष्कळसे आपोआप समजते.

आपला साधा चाकू उघडून पाहा. पाते एका रिव्हेटभोवती फिरते. मुठीच्या पाठीत पट्टीसारखी एक स्प्रिंग बसवलेली असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. पाते पूर्ण उघडले किंवा पूर्ण मिटले, की बुडाचा सपाट भाग स्प्रिंगखाली बसतो आणि 'टक्' असा आवाज होतो. त्या आवाजावरून पुष्कळांना वाटते की पाते आता अडकले. ते अडकलेले नसते. ते नुसते दाबाखाली असते. धारेकडून जोर आला, म्हणजे आपण कापत असलो, तर पाते मुठीवर टेकून घट्ट राहते. पण टोक टेकवून भोसकायला गेलो, किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला, की स्प्रिंग हार मानते. पाते मिटते, आणि मिटण्याच्या वाटेवर आपली चार बोटे मुठीला वेढून बसलेली असतात. म्हणून साध्या घडीच्या चाकूने टोचण्याचे काम करूच नये. ठिबकच्या नळीला भोक पाडायला तिचे वेगळे पंच मिळते, चामड्याला आरी आहे. चाकू ओढून कापण्यासाठी आहे.

फ्रान्सच्या सावोय भागात ओपिनेल म्हणून एक लाकडी मुठीचा शेतकरी चाकू १८९० पासून बनतो. १९५५ साली त्याच्या मुठीच्या तोंडाशी एक फिरते कडे बसवले गेले. पाते उघडून कडे फिरवले की पाते मिटूच शकत नाही. पुढे २००० साली त्यात अशी सुधारणा झाली, की मिटलेले पातेही त्याच कड्याने अडकवता येते. म्हणजे उघड्या पात्याने नको तेव्हा मिटू नये आणि मिटलेल्याने नको तेव्हा उघडू नये, ही दुसरी गोष्ट त्या कारखान्यालाही पंचेचाळीस वर्षांनी साधली! आपल्याकडेही आता चापाचे चाकू दुकानांत मिळतात. मुठीच्या पाठीवर दाबल्याशिवाय त्यांचे पाते मिटत नाही. नवा घेणार असाल तर चार पैसे जास्त देऊन तसाच घ्यावा. मात्र हा चाप उघडे पाते धरतो. मिटलेल्या पात्याला बहुतेक चाकूंत स्प्रिंगचाच आधार असतो, हे विसरू नये.

तेव्हा खिशात टाकण्याआधी रोज एक परीक्षा करावी. मिटलेला चाकू पात्याची फट जमिनीकडे करून धरावा आणि दोनदा जोराने झटकावा. अर्थात आसपास कोणी नसताना, आणि बोटे फटीपासून दूर ठेवून. पाते जरासुद्धा बाहेर डोकावले, तर तो चाकू खिशात ठेवण्याच्या लायकीचा राहिला नाही. गावातल्या लोहाराकडून रिव्हेटवर हलके ठोके देऊन घ्यावेत. पुष्कळदा दोष रिव्हेटचा नसतो, आंब्याचा चीक आणि माती सांध्यात साचून पाते अर्धवटच मिटलेले असते. कोमट पाण्याने धुवावे, पुसून कोरडे करावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात सोडावा. खोबरेल घालू नये, ते पुढे चिकट होते. धारही लावलेली असावी. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात घसरला की कुठे जाईल याचा नेम नसतो.

आता ठेवायचा कुठे? पँटच्या पुढच्या खिशात तो आडवा पडू देऊ नये. चालताना, बसताना, किल्ल्यांशी घासताना आडव्या चाकूचे पाते नख लागल्यासारखे उचलले जाऊ शकते. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, तिथली जखम बोटाच्या जखमेसारखी नसते. खिशात चाकू उभा राहावा, आणि पात्याची फट खिशाच्या शिवणीकडे असावी, म्हणजे पाते उघडू लागले तरी शिवण त्याला अडवते. सगळ्यांत उत्तम म्हणजे चाकूच्या मापाची कातडी किंवा जाड कापडाची पिशवी, पानसुपारीच्या चंचीसारखी, कमरेला कुशीच्या बाजूने बांधलेली. बायका पुष्कळदा चाकू कमरेला निऱ्यांपाशी खोचतात. वाकून काम करताना तो थेट पोटात रुततो. माउलींनो, तेवढे सोडा. पिशवी शिवायला एक जुनी जीन पुरते.

चाकू हरवू नये म्हणून कोणी त्याला दोरी बांधून कमरेला अडकवतात. कल्पना चांगली आहे, पण ती दोरी गळ्यात नको, आणि मळणी यंत्राजवळ किंवा पंपाच्या पट्ट्याजवळ जाताना ती काढूनच ठेवावी. मोटारसायकलवर बसायचे तर चाकू डिकीत. हातातून सुटला तर झेलायला जाऊ नये, पाय मागे घ्यावेत. पडलेला चाकू पुन्हा धार लावून मिळतो.

एवढे सांभाळले तरी खरी अडचण राहतेच. मी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून कलमे बांधताना पाहिली आहेत. खुंटाला काप घेतला, काडीला पाचर केली, पाचर खुंटात बसवली. आता प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायला दोन्ही हात हवेत. मग चाकू कुठे? वडील तो दातांत धरीत. कोणी मांडीखाली सारतो, कोणी उघडाच मातीत टाकतो आणि पुढच्या कलमाला चाचपडत शोधतो. दर वेळी मिटावा म्हणावे, तर काम कलमांच्या संख्येवर चालते, दिवसाला शेकडो कलमे. प्रत्येकाला दोन क्षण जास्त गेले तर संध्याकाळी मजुरी कमी पडते. हे ज्याला ठाऊक नाही त्यानेच "मिटत जा" असा उपदेश करावा. त्यापेक्षा बसून काम करणाऱ्याने उजव्या हाताला एक उभा पत्र्याचा डबा ठेवावा आणि चाकू पाते खाली करून त्यात सोडावा. उभ्याने काम करणाऱ्याने चांभाराकडून पात्याच्या लांबीचे, बुडाशी शिवलेले म्यान करून घ्यावे. हाताला त्या जागेची सवय आठवड्यात होते. जागेवरून उठायचे झाले मात्र, पाणी प्यायला का असेना, तर चाकू मिटलाच पाहिजे.

मिटण्याचीही एक वाईट खोड आपल्याकडे आहे. पात्याची पाठ मांडीवर दाबून एका हाताने चाकू मिटायचा. बघणाऱ्याला ऐटबाज वाटते. मूठ एका हातात कडेने धरावी, बोटे फटीबाहेर ठेवावीत आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ ढकलावी. दुसऱ्याला द्यायचा तर मिटूनच द्यावा. आमच्या आजीचा नियम होता, की सुरी हातात देऊ नये, भांडण होते, खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलावी. भांडणाचे मला ठाऊक नाही, पण आजीच्या घरात देताघेताना कोणाचा हात कापलेला मी पाहिला नाही.

कायद्याविषयी थोडे सांगायला हवे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे २०१६ चे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांच्या यादीत घालतात, आणि घरकामाच्या व शेतीच्या अवजारांना त्यातून वगळतात. आपला तीन इंची चाकू या मापात येत नाही. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणूक किंवा तंगीच्या दिवसांत मनाईहुकूम निघतो, आणि त्यात काठीबरोबर चाकूही बाळगायला बंदी असू शकते. तो हुकूम वर्तमानपत्रात येतो. त्या दिवसांत तालुक्याला, मोर्चाला, जत्रेला जाताना चाकू घरी ठेवावा. कोर्टात, विमानात हातातल्या सामानात, जिथे झडती होते अशा कोणत्याही जागी तो नेऊ नये. आणि कोणी "स्वसंरक्षणासाठी" म्हणून बाळगत असेल, तर त्याने तो विचार सोडलेला बरा. हिंदी सिनेमातल्या रामपुरीने आपल्या गरीब कलमी चाकूची बरीच बदनामी केली आहे, त्यात भर नको.

शिक्षक मित्रहो, हा प्रश्न तुमच्याही वर्गात येतो. सकाळी रोपवाटिकेत दोन तास काम करून मुलगा शाळेत येतो, आणि दप्तर उलटे करताना चाकू पडतो. शाळेत चाकू नको, याविषयी दुमत नाही. पण त्या मुलाला चोरासारखे उभे करू नये, आधी विचारावे. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी कार्यालयात कुलपाची एक पेटी ठेवली आहे. मुलाने येताना चाकू त्यात टाकायचा, जाताना न्यायचा, आणि पालकांना निरोप जातो. पहिल्या महिन्यात पेटीत चार चाकू आले. पुढे मुले घरीच ठेवून येऊ लागली. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा कागदात गुंडाळून कंपासमध्ये ठेवण्याची मुलांना सवय असते. तिकडे मात्र आपले लक्ष जात नाही, आणि त्याला मूठ नाही, घडीही नाही. वर्गात भिंतीला एक टोकयंत्र लावले तर त्याची गरजच उरत नाही.

इतके करूनही कधी लागले, तर स्वच्छ फडके जखमेवर दाबावे, हात छातीच्या वर धरावा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे दाब सोडू नये. मध्येच उघडून पाहू नये. अंगठी असेल तर बोट सुजण्याआधी काढावी. हळद, तंबाखू, रॉकेल काही भरू नये. पाते अंगात रुतले असेल तर उपसू नये, तसेच स्थिर धरून दवाखाना गाठावा. मांडीतून रक्त उसळत असेल तर दोन्ही हातांनी जोराने दाबून १०८ ला फोन करावा. रक्त थांबल्यावर बोटाचे प्रत्येक पेर एकेक करून वाकवायला सांगावे आणि टोकाला हलका स्पर्श करून कळतो का ते विचारावे. एखादे पेर वाकले नाही किंवा टोक बधिर लागले, तर जखम कितीही लहान दिसो, त्याच दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात जावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तिथे विचारावे.