छातीत दुखतंय : कधी घाबरावे, कधी नाही

रात्रीचे दोन वाजले असतील. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच आमचे बिऱ्हाड असल्यामुळे खालची बेल वाजली की जाग येतेच. मोटारसायकलवरून दोघे भाऊ आले होते. "डॉक्टर, ह्याला अटॅक आलाय," थोरला धापा टाकत म्हणाला. ज्याला अटॅक आला होता तो तिशीचा धडधाकट गडी मात्र स्वतःच्या पायाने आत येऊन बाकावर बसला होता.

"कुठे दुखतंय?" मी विचारले. त्याने डाव्या बाजूला एका बरगडीवर बरोबर बोट टेकवले. "इथंच. सुई टोचल्यासारखं. श्वास वर घेतला की चमक मारते." त्या जागी मी अंगठ्याने दाबले तसा तो कळवळला. कार्डिओग्राम काढला, अर्ध्या तासाने पुन्हा एकदा काढला. दोन्ही पट्ट्या स्वच्छ. चौकशी करता कळले, की दिवसभर उसाच्या मोळ्या ट्रॉलीत भरल्या होत्या. आणि खरे कारण पुढे निघाले. आठ दिवसांपूर्वी त्याच्याच गल्लीतला, त्याच्याच वयाचा एक जण हृदयविकाराने गेला होता. तेव्हापासून हा रात्री उशीवर कान टेकवून स्वतःचे ठोके मोजत पडायचा.

अशा रुग्णांना हसू नये, असे मी स्वतःला नेहमी बजावतो. तो आला हे चांगलेच केले. मला भीती वाटते ती न येणाऱ्यांची, किंवा आल्यावर भलतेच सांगणाऱ्यांची. आणि त्याहूनही, त्यांनी सांगितलेले भलते खरे मानणाऱ्या डॉक्टरची. हे मी अनुभवाने लिहितो आहे.

२०११ सालची गोष्ट. आमच्याच भागातल्या एक आक्का, वय अठ्ठावन्न, दहा वर्षांचा मधुमेह. सकाळी दहाच्या सुमारास चालत आल्या. "काही नाही डॉक्टर, पित्त खवळलंय. मळमळतंय, जीव घाबरा होतोय, आठ वाजल्यापासनं नुसता घाम सुटलाय." छातीत दुखतंय का, असे मी विचारले. "दुखत नाही, गच्च वाटतंय," त्या म्हणाल्या. बाहेर पंचवीस माणसे बसली होती. मी पोट तपासले, पित्ताचे इंजेक्शन दिले, गोळ्या लिहिल्या आणि त्यांना घरी पाठवले. कार्डिओग्रामचे यंत्र माझ्या टेबलापासून चार पावलांवर होते.

तीन वाजता त्यांना रिक्षात आडवे घालून आणले. पट्टी काढली तेव्हा हृदयविकाराचा मोठा झटका स्पष्ट दिसत होता. जिल्ह्याच्या गावी पोहोचून गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन मिळेपर्यंत सकाळपासून नऊ तास उलटले होते. आक्का वाचल्या. पण नंतरच्या इको तपासणीत हृदयाची ताकद तीस टक्क्यांवर आलेली दिसली. निरोगी माणसात ती साधारण पंचावन्न ते सत्तर असते. भाऱ्याखाली कधी न वाकलेल्या त्या बाईला पुढे घराच्या चार पायऱ्या चढतानाही मध्ये थांबावे लागे. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. उलट "तुमच्यामुळं वाचले" असेच सगळ्यांना सांगत. ते ऐकणे मला जड जात असे.

तेव्हा वाचकहो, हृदयाचे दुखणे म्हणजे सिनेमात दाखवतात तसे, छाती धरून धाडकन कोसळणे, ही समजूत आधी काढून टाका. पुष्कळांना ते 'दुखणे' वाटतच नाही. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे, आवळल्यासारखे, जळजळल्यासारखे, गच्च भरून आल्यासारखे वाटते. जागा बोटाने दाखवता येत नाही. माणूस छातीच्या मध्यभागी तळहात पसरतो किंवा मूठ ठेवतो. ही खूण आम्हाला विद्यार्थी असताना शिकवली जाते आणि ती अजून उपयोगी पडते. दुखणे डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, गळ्यात, खालच्या जबड्यात किंवा पाठीत उतरते. दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेलेला आणि तिथून माझ्याकडे धाडलेला रुग्ण मी पाहिला आहे. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात तर छातीची तक्रार कधी कधी नसतेच. नुसती धाप, घाम, मळमळ आणि विलक्षण थकवा. आक्कांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. मला सुचायला हवे होते.

मग 'गॅस'चे काय? गॅस हा आपल्याकडचा सर्वांत आवडता रोग आहे. हृदय आणि अन्ननलिका यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा मज्जारज्जूत जवळपास एकाच भागात शिरतात. त्यामुळे कळ कुठून आली हे मेंदूलाही नेमके कळत नाही. हृदयविकाराच्या झटक्यातही मळमळ आणि ढेकरा येतात. ओवा चावला, लिंबू-सोडा घेतला, मोठी ढेकर आली आणि बरे वाटले, एवढ्यावरून तो गॅस होता असे सिद्ध होत नाही. चालताना, चढ चढताना किंवा जेवून लगेच कामाला लागल्यावर छाती भरून येते आणि पाच मिनिटे थांबले की मोकळी होते, असा 'गॅस' ज्यांना आहे, त्यांनी तो ढेकरेने न काढता हृदयाची तपासणी करून घ्यावी. पोटातल्या गॅसला तुम्ही चढ चढता आहात की उतरता आहात, हे कळत नसते.

अशी गच्च कळ दहा-पंधरा मिनिटांत थांबली नाही, किंवा सोबत घाम, धाप, डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर ताबडतोब हालचाल थांबवावी. बसून राहावे. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नये. १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, तिला फोन करावा. ती येईपर्यंत डॉक्टरांना फोनवर विचारून अ‍ॅस्पिरिनची साधारण ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाता येते. मात्र ज्यांना त्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे किंवा पोटातून रक्तस्राव झालेला आहे, त्यांनी ती घेऊ नये. छाती चोळत बसणे, आंघोळ करून मग निघणे, पाहुण्यांना कळवत राहणे यात पहिला मोलाचा तास जातो. 'जोरजोरात खोका, झटका थांबतो' असा एक संदेश मोबाईलवर फिरत असतो. त्याच्या नादी लागू नये.

आता बोट दाखवणाऱ्यांकडे वळू, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत ते जास्त असतात. क्षणभर चमकून जाणारी, कूस बदलल्यावर किंवा दाबल्यावर वाढणारी टोचणी बहुधा स्नायूंची किंवा बरगडी जिथे छातीच्या हाडाला मिळते तिथल्या कूर्चेची असते. उसण भरली म्हणतात ती हीच. शेक आणि साधी वेदनाशामक गोळी पुरते. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर दोन-चार दिवसांनी तिथे नागिणीचे फोड उठण्याचा संभव असतो. एका गृहस्थांच्या तीन पट्ट्या काढून झाल्यावर चौथ्या दिवशी नागीण उठली, तेव्हा त्यांच्यापेक्षा मलाच हायसे वाटले.

पण यालाही अपवाद आहेत. एका बाजूला अचानक तीव्र कळ येऊन सोबत धाप लागली, तर फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असू शकते. नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, पायाला प्लास्टर आहे किंवा बाळंतपण झाले आहे, अशा माणसाला असे झाले तर पायातली गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका घ्यावी लागते. तिथे उसण म्हणून शेकत बसू नये. आणि पहिली पट्टी स्वच्छ आली म्हणून सारे मिटले असेही नव्हे. झटक्याच्या सुरुवातीला ती स्वच्छ असू शकते. म्हणूनच ती पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. वय तरुण आहे म्हणून निश्चिंत राहण्याचे दिवस तर केव्हाच गेले. त्यातून दाढेखाली तंबाखूची गोळी असेल तर बोलायलाच नको.

भीतीने होणाऱ्या धापेबद्दलही चार शब्द लिहिले पाहिजेत. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते, छाती आवळते. मग खात्रीच पटते, की आपले आता संपले. 'हे सगळे मनाचे खेळ आहेत' असे त्याला घरच्यांनी सांगू नये. मुंग्या खऱ्या असतात, आवळणेही खरे असते. शेजारी बसून त्याला सावकाश श्वास सोडायला लावावे. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय मात्र करू नका. धाप दम्याची किंवा हृदयाची निघाली तर तो अंगाशी येतो. २०२० नंतर घरोघरी आलेल्या ऑक्सिजन मोजण्याच्या चिमट्याने या मंडळींची आणखी पंचाईत केली आहे. एक बाई दर तासाला आकडा वहीत लिहीत. एकदा नव्वद आला म्हणून सारे घर जागे झाले. बोटांवर गडद नेलपॉलिश होते. ते पुसले, आकडा अठ्ठ्याण्णव. बोट गार असले तरीही तो फसवतो. पण बोट ऊब देऊन, स्वच्छ पुसून, पुन्हा पुन्हा मोजूनही आकडा चौऱ्याण्णवच्या खाली राहिला तर दवाखाना गाठावा.

धाप लागणे ही तक्रार छातीची असली तरी मूळ नेहमी छातीत नसते. विहिरीवरून पाणी आणताना दम लागतो म्हणून आलेल्या तरुण मुलीचे हिमोग्लोबिन सहा निघते. ते बाराच्या वर हवे. आडवे झाले की गुदमरते, दोन उशा लागतात, मध्यरात्री उठून खिडकीशी बसावे लागते आणि संध्याकाळी घोटे सुजतात, ही हृदय थकल्याची लक्षणे आहेत. आणि ज्या आजींनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही त्यांना 'विडीवाल्यांचा' दमा कसा, याचे उत्तर त्यांच्या चुलीत असते. तीस-चाळीस वर्षे तुराट्या आणि गोवऱ्यांच्या धुरात स्वयंपाक केल्यावर फुप्फुसे तशीच होतात. गॅसची शेगडी आता बहुतेक घरी आली आहे, पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच. मग सुनेची फुप्फुसेही त्याच वाटेने जातात.

दम्याचे निदान सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, पंप नको. त्याची सवय लागते. गोळीच द्या." हिशेब करून बघा. सालब्युटामॉलची नेहमीची गोळी चार मिलिग्रॅमची, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात असतात शंभर मायक्रोग्रॅम. एका गोळीत चाळीस फवारे! गोळी पोटातून रक्तात जाऊन सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरवते, छाती धडधडवते. फवारा जिथे हवा तिथेच जातो. म्हणजे जोरदार औषध कोणते? खरी चूक वेगळीच होते. लोक केवळ दम मोकळा करणारा पंप खिशात ठेवतात आणि सूज कमी करणारा, रोज घ्यायचा पंप 'स्टेरॉइड आहे' म्हणून बंद करतात. दम मोकळा झाला तरी आतली सूज तशीच राहते आणि एखाद्या रात्री दगा देते. नुसत्या मोकळे करणाऱ्या पंपावर राहू नये, असे जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी म्हणजे तोंड येत नाही. कोजागरीला खिरीतून औषध घ्यायला जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. जाताना पंप बरोबर ठेवा, एवढेच म्हणतो.

लहान मुलाचा श्वास मात्र घड्याळ लावून मोजावा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास, वर्ष ते पाच वर्षांपर्यंत चाळीस भरला तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. 'पोट उडतंय', बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातो आहे, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी कणकण असते, वजन उतरते आहे किंवा थुंकीतून रक्त पडले, तर थुंकीची तपासणी करावीच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, औषधेही मोफत मिळतात. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा मिळणारी पाचशे रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये झाली आहे. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून बेडक्यात रक्त पडल्याचे लपवणारे आईबाप मला आजही भेटतात.

शेवटी एक छोटी पण कामाची गोष्ट. कार्डिओग्रामची पट्टी ज्या कागदावर निघते त्यावरची रेघ काही वर्षांत उडून जाते. उन्हात ठेवली तर त्याहून लवकर. पट्टी काढली की लगेच तिची झेरॉक्स करावी किंवा मोबाईलवर फोटो घेऊन ठेवावा. आजच्या पट्टीतला बदल जुना की नवा, हे जुनी शेजारी ठेवल्यावरच कळते. आक्का पुढे दर महिन्याला येत तेव्हा सोबत प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या पट्ट्या आणत. त्यातली २०११ची मूळ पट्टी पार कोरी झाली होती. तिची झेरॉक्स मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे.