दऱ्यांचा दर्या

२००५ साली नाशकात साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मेन रोडच्या आसपास डीटीपी करणाऱ्या आम्हा लोकांना झोप नव्हती. ज्याला त्याला आपलं पुस्तक संमेलनाआधी हवं. हाताशी पानं मांडायला पेजमेकर आणि मराठी फाँटांसाठी श्रीलिपी. चाळीस लेखांच्या एका संग्रहाची शीर्षकं लेखकाने ऐनवेळी सोळा पॉइंटवरून अठरावर न्यायला सांगितली. एकेक शीर्षक निवडून चाळीसदा आकडा बदलला. एका जागी आकडा बदलला की सगळी शीर्षकं बदलतील, अशी स्टाइलची सोय पेजमेकरमध्येही होती. आम्हीच कधी वापरली नव्हती.

पुढे ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या फाँटात ‘क’ म्हणजे दुसऱ्याच अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, पण पेजमेकरला ती शेवटपर्यंत उमगली नाही.

२०२१ मध्ये संमेलन पुन्हा नाशकात आलं आणि त्याच संग्रहाची नवी आवृत्ती माझ्याकडे. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला पायथनची स्क्रिप्ट लिहिली. ‘स्थिती’तली ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाइलीत दिसते तशी आधी, युनिकोडला ती ‘स्थ’च्या नंतर हवी, म्हणजे अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यायची. रफाराचं उलट: ‘अर्थ’मधला रफार ‘थ’च्या मागून उचलून पुढे आणायचा. एवढं जमलं, आणि त्र्यंबकच्या डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या झाला! अर्ध्या ‘ऱ’चा वेगळा नियम लिहायचा राहिला होता.

त्यानंतरचं काम पॅनडॉकचं, म्हणजे साध्या मजकुरातून हव्या त्या प्रकारची फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामचं. बर्कलीत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी ते २००६ मध्ये आणलं. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत, शीर्षकापुढे फक्त एक हॅश. रूप सगळं वेगळं ठेवायचं: वर्डसाठी नमुना फाइल, ईबुकसाठी सीएसएस, पीडीएफसाठी लाटेकचा साचा. तिन्ही कमांड एका स्क्रिप्टमध्ये बांधल्या. लेखकाने याही वेळी शीर्षकं मोठी करायला सांगितलीच. साच्यातला एक आकडा बदलला, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. चहा निवला नव्हता.

मुद्रितशोधन मात्र डोळ्यांनीच केलं, दोनदा.

तुमच्याकडे जुन्या सीडींवर अशा फाइली पडून असतील तर आत्ताच काढा, आणि सोबत मूळ फाँटही जपा. तो हरवला तर कुठलं चित्र कुठल्या अक्षराचं, हे छापील प्रत समोर ठेवून एकेक करत ओळखावं लागतं.