‘व्हर्च्युअल’ म्हणजे नुसते आभासी का?

परभाषेतला शब्द आपल्या घरी आला की आपण त्याला मराठी अंगरखा चढवितो. अंगरखा बेताचा बसला तर ठीक. नाही तर शब्दाची चालच बदलते. ‘व्हर्च्युअल’ या इंग्रजी विशेषणाची अशीच गत झाली आहे. आभासी सभा, आभासी वर्ग, आभासी चलन हे प्रयोग आता रूढ झाले आहेत. ‘आभासी’ हा प्रतिशब्द कोठे शोभतो व कोठे फसवितो, याचा थोडा विचार करू.

प्रथम कुळ पाहू. लॅटिनमध्ये ‘विर्’ म्हणजे पुरुष. त्यापासून ‘विर्टुस’, म्हणजे पौरुष, सामर्थ्य, गुण. हा ‘विर्’ आणि संस्कृतातील ‘वीर’ हे सगोत्र शब्द आहेत, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. ‘व्हर्च्युअल’चा इंग्रजीतील जुना अर्थही ‘अंगी सामर्थ्य असलेला’ असाच होता. पुढे त्याला ‘नावाने किंवा रूपाने नसले तरी परिणामाने असलेले’ हा अर्थ आला. छत्रपती शाहूंचे १७४९ साली निधन झाल्यावर गादी साताऱ्यास राहिली, पण सत्ता पुण्यास पेशव्यांच्या हाती एकवटली. अशा पेशव्यांना इंग्रजीत ‘व्हर्च्युअल रूलर’ म्हणता येते. त्यांना मराठीत ‘आभासी राज्यकर्ते’ म्हणून पाहा! अर्थ नेमका उलटा होतो.

असे का व्हावे? आपल्याकडे आभास म्हणजे रूप आहे, पण वस्तू नाही. मृगजळ दिसते, तहान मात्र भागत नाही. हेत्वाभास हेतूसारखा दिसतो, पण त्याने काही सिद्ध होत नाही. ‘व्हर्च्युअल’मध्ये कार्य आहे, रूप नाही, आभासात रूप आहे, कार्य नाही.

मग हा प्रतिशब्द आला कोठून? शाळेतील प्रकाशाच्या धड्यात तो आपण वाचलेला असतो. सपाट आरशातील प्रतिमा आभासी. कारण किरण आरशामागून येतात असे भासते, तेथून ते येत नाहीत. प्रतिमा पडद्यावर धरता येत नाही. येथे शब्द चपखल बसतो. तरीही तिच्याकडे पाहून आपण बिनचूक भांग पाडतो, हे विसरू नये!

पुढे संगणकशास्त्राने हे विशेषण उचलले. मँचेस्टर विद्यापीठातील १९६२ च्या ‘ॲटलस’ संगणकात मुख्य स्मृती लहान असूनही ती मोठी असल्याप्रमाणे काम चालवून घेण्याची योजना होती. तिला पुढे ‘व्हर्च्युअल मेमरी’ हे नाव मिळाले. १९८० नंतरच्या दशकात जॅरन लॅनियर यांनी ‘व्हर्च्युअल रिअॅलिटी’ हा प्रयोग लोकप्रिय केला. तेथे यंत्राने उभे केलेले, डोळ्यांना खरे वाटणारे जग अभिप्रेत आहे, म्हणून ‘आभासी’ बऱ्याच अंशी चालते. पण २०२० च्या महामारीत न्यायालयांनी दूरदृश्य माध्यमातून सुनावण्या घेतल्या, त्यांतील निकाल आभासी नव्हते. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘व्हर्च्युअल डिजिटल’ मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर बसविला. तो कर खऱ्या रुपयांतच भरावा लागतो.

याचा अर्थ ‘व्हर्च्युअल’ म्हटले की परिणाम असतोच, असे नव्हे. १७६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकी वसाहतींवर स्टँप कर लादला. वसाहतींचा एकही प्रतिनिधी तेथे नव्हता. समर्थकांचे म्हणणे असे, की पार्लमेंटचा प्रत्येक सभासद सर्वच प्रजेसाठी बोलतो. तेव्हा वसाहतींना ‘व्हर्च्युअल’ प्रतिनिधित्व आहेच! वसाहतींनी ते साफ नाकारले. कर १७६६ मध्ये मागे घ्यावा लागला आणि दहा वर्षांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. विशेषणाने केलेला दावा माणसांना पटला नाही.

तेव्हा भाषांतर करताना एकच कसोटी लावावी : परिणाम आहे की केवळ देखावा? देखावा असेल तर ‘आभासी’ खुशाल म्हणावे. परिणाम असेल तर ‘व्यवहारतः’, ‘जवळजवळ’, ‘दूरस्थ’ असे प्रसंगानुरूप शब्द मराठीत आहेत. ‘व्हर्च्युअली इम्पॉसिबल’ म्हणजे ‘जवळजवळ अशक्य’; ‘आभासी रीतीने अशक्य’ नव्हे. पडद्यावर भरलेल्या वर्गाला आपण आधीच आभासी ठरविले, तर शिकविणारा आणि शिकणारा दोघांनाही सूट मिळते. त्याला दूरस्थ वर्ग म्हटले, की अंतर तेवढे कबूल होते. अभ्यास मात्र दोघांकडेही शिल्लक राहतो.