थकवा समजून घेताना (भाग ९) : ‘रोज थोडं जास्त चाला’ हा सल्ला का चुकतो?

गेल्या भागावर आलेल्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवे. व्यायामाने ताकद वाढते, मग एमई/सीएफएस या दीर्घकालीन थकव्याच्या आजाराच्या रुग्णाने रोज थोडे जास्त चालायला काय हरकत आहे, असे एका वाचकाने विचारले आहे. शंका रास्त आहे. ब्रिटनमधल्या ‘पेस’ चाचणीने हीच कल्पना 641 रुग्णांवर तपासली. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम उपयोगी पडतो, असा तिचा निष्कर्ष 2011 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे व्यायाम गटातले सुमारे 22 टक्के रुग्ण बरे झाल्याचेही जाहीर झाले. पण ‘बरे’ कोणाला म्हटले ते बारकाईने पाहा. शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या प्रश्नावलीत 65 किंवा कमी गुण असतील, तरच रुग्णाला चाचणीत प्रवेश होता. बरे झाल्याची मूळ अट 85 गुणांची होती. ती नंतर 60 वर आणली गेली. म्हणजे या कसोटीपुरता माणूस आजारी म्हणून आत येतानाच ‘बरा’ ठरू शकत होता! हा आकडा लोकसंख्येच्या सरासरीवरून काढला, असा खुलासा झाला. पण त्या सरासरीत वृद्ध आणि आजारी माणसेही धरलेली होती. 2016 मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने मूळ आकडे खुले झाले. ते जुन्याच अटींवर तपासले, तेव्हा बरे होणाऱ्यांचे प्रमाण एकाही गटात दहा टक्क्यांपर्यंत पोहोचले नाही आणि गटागटांत ठोस फरकही उरला नाही.

यावर डॉक्टरही एक आक्षेप घेतात : पडून राहिल्याने स्नायू सैल पडतात, थकवा त्याचाच असेल. तसे असते, तर बैठे काम करणाऱ्या निरोगी माणसातही तेच दिसले असते. हे असे तपासतात : तोंडावर मुखवटा लावून सायकल चालवायची, श्वासातला प्राणवायू मोजायचा आणि चोवीस तासांनी तीच चाचणी पुन्हा करायची. बैठ्या माणसाचे आकडे दुसऱ्या दिवशीही जवळपास तेच येतात. या आजाराच्या अनेक रुग्णांत मात्र दम लागू लागण्याचा टप्पा दुसऱ्या दिवशी कमी श्रमातच गाठला जातो. नुसत्या सैल स्नायूंनी ही घसरण उलगडत नाही. 2021 मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट सांगितले, ते योग्यच झाले.

याचा अर्थ प्रत्येक थकलेल्या माणसाने अंथरूण धरावे असा मुळीच नाही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 तपासून घ्या. आपल्याकडे थकव्याची कारणे बहुधा तिथेच सापडतात. पण श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोलमडत असेल, तर त्याला हुरूप देऊन चालायला लावू नका. बरे वाटत असलेल्या दिवशीही त्याने अर्धे काम ठेवून उठावे आणि घरच्यांनी त्याला आळशी म्हणू नये.