आवाजाची जवारी

तंबोरा लावतांना गवई घोडीवर, तारेखालीं, सुताचा एक बारीक धागा मागेंपुढें सरकवीत असतो. धागा नेमक्या जागीं बसला कीं मघांचा बोथट टणत्कार एकदम भरून येतो आणि स्वर घरांत रेंगाळतो. यास जवारी खुलणें म्हणतात. ही गोष्ट मला सत्तरीच्या उंबरठ्यावर नीट उमगली, आणि तीहि तंबोऱ्यामुळें नव्हे, संगणकामुळें.

माझे थोरले बंधु कीर्तन करीत. येथें मुदखेडास १९८८ सालीं रामनवमीच्या उत्सवांत केलेल्या त्यांच्या कीर्तनाची एक कॅसेट घरांत आहे. दादांच्या आवाजाची तेवढी एकच खूण. त्यांना जाऊन अकरा वर्षें झालीं. फितीवरून उतरून घेतलेला तो आवाज भ्रमणध्वनीवर लावला, तर झांज तेवढी ऐकूं येई. दादा भिंतीपलीकडे बोलत असल्यासारखे वाटत. त्यांचा नातू पुण्यास ध्वनिमिश्रणाचें काम करतो. सुटींत आला तेव्हां म्हणाला, "आजोबा, याला सॅच्युरेशन देतों. आवाज कसा पुढें येतो, बघा."

सॅच्युरेशन म्हणजे संपृक्तता. हा शब्द आम्हां संस्कृतवाल्यांना परका नाहीं. रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकांत 'संपृक्त' आहे. ध्वनीच्या बाबतींत त्याचा अर्थ असा. शुद्ध स्वराची लाट काढली तर ती गोल डोंगरांच्या रांगेसारखी दिसते. चुंबकीय फितीवर तिच्या शक्तीपलीकडचा आवाज भरला कीं ती तो सोसूं शकत नाहीं, आणि लाटेचीं शिखरें चेपतात. शिखर चेपलें कीं मूळ स्वराच्या पटींत कंपनें असलेले उपस्वर उत्पन्न होतात. दोन्ही बाजू सारख्या चेपल्या तर तिप्पट, पांचपट; एकच बाजू अधिक चेपली तर दुप्पट, चौपटहि. पूर्वीं फितीचा हा दोष मानीत. आतां संगणकावर तो मुद्दाम घडवितात.

दादांचा षड्ज सेकंदास सुमारें १३० कंपनांचा धरूं. भ्रमणध्वनीचा चिमुकला कर्णा इतका खालचा स्वर जवळजवळ देतच नाहीं. पण २६०, ३९०, ५२० हे उपस्वर तो देतो. आणि ते एकत्र ऐकले कीं आपला कान नसलेला १३० चा स्वर आपण होऊन ओळखतो! मला हें फार नवलाचें वाटलें.

नातवानें सबंध कीर्तनास ती क्रिया केली. आवाज मोठा झाला, पुढेंहि आला. वहिनींनीं तो क्षणभर ऐकला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, हा आवाज यांचा नव्हे." पोराचें तोंड उतरलें.

कारण मागाहून कळलें. दोन स्वर एकदम चेपले कीं त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचेहि स्वर निघतात. ४०० आणि ७०० यांतून ३०० व ११००. झांज आणि कंठ एकत्र चेपल्यामुळें कोणत्याहि रागांत नसलेली खरखर त्यांत शिरली होती, आणि श-स हे वर्ण करवतीसारखे कापूं लागले होते.

त्या रात्रीं मला मिरज आठवली. तेथील शिकलगार मंडळींचीं घराणीं एकोणिसाव्या शतकांत शस्त्रें सोडून तंतुवाद्यांकडे वळलीं. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. कानस घेऊन घोडीचा माथा घासणारा कारागीर तेथें मीं तासभर पाहिला आहे. तार जेथें छेडावी तेथें ज्या उपस्वराचा निश्चल बिंदु येतो, तो उपस्वर उमटूं नये असा पाश्चात्य ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोरा व वीणा तो मोडतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं मांडलें. घोडीच्या उतारावर तार टेकत-सुटत जाते, त्याचा हा प्रताप. फितीचा मार्ग निराळा; पण मूळ स्वरांतून उपस्वर फुलविणें दोहींकडे समान. मात्र पंचमाच्या तारेखालचें सूत वेगळें, जोडीच्या तारांचें वेगळें, खर्जाच्या पितळी तारेचें वेगळें.

सकाळीं मीं नातवास विचारलें, "अरे, चारी तारांना एकच सूत कशाला?"

तो हंसला. आवाजाचे कंपनांनुसार पट्टे पाडून हव्या त्याच पट्ट्यास संपृक्त करण्याची सोय आहे म्हणे. मग आधीं कां केलें नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. त्यानें १२० ते ३५० हाच पट्टा धरला आणि झांजेला व ऊष्म वर्णांना हात लावला नाहीं. शिवाय आधींचा आणि नंतरचा आवाज सारख्याच उंचीवर आणून ताडून पाहिला. मोठा झालेला आवाज कानास उगीचच चांगला वाटतो, हा त्याच्या धंद्यांतील जुना धडा.

हे उपस्वर दादांच्या कंठांतून निघाले नाहींत, ही टोंचणी मला आहेच. म्हणून मूळ प्रत जशीच्या तशी निराळी ठेवावयास लावली. तंबोऱ्याचें सूत तरी काढून घेतां येतें.

दुपारीं वहिनींनीं पुन्हां ऐकलें. त्या बराच वेळ कांहींच बोलल्या नाहींत. पूर्वरंगाच्या शेवटीं दादा क्षणभर थांबतात, तेथें त्या हळूच म्हणाल्या, "इथं त्यांनी पाणी मागितलं होतं."

मग नातवास त्यांनीं तेवढाच भाग परत लावावयास सांगितला.